लाकडी पायांतलं विष

पांढरी चादर उचलली गेली आणि हॉलमधल्या साऱ्या माणसांच्या तोंडून एकदमच "अरे बापरे!" निघालं.

प्लॅस्टिकच्या टबातलं पाणी थोड्या वेळापूर्वी नितळ होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते चिखलासारखं तपकिरी झालं होतं. वर हिरवट फेस धरला होता आणि फेसाखाली काळे कण गरागरा फिरत होते. टबात पाय सोडून बसलेले निवृत्त पोस्टमनकाका स्वतःच्या पायांकडे असे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

"घाबरू नका, काका," जलवैद्य म्हणाला. "आत होतं तेव्हा घाबरायचं. आता ते बाहेर आलंय. तपकिरी आहे ते सांध्यांतलं. काळं ते नसांतलं. आणि हा हिरवा फेस दिसतोय ना? ही काळजी! जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाहिलीत, त्यांची दुःखं तुमच्या तळपायांत साठली."

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पाण्याचा रंग मात्र कुणी पाहिला नाही.

भस्म, मंत्र, माळा यांतलं काहीही जलवैद्याकडे नव्हतं. पांढरा कोट, खिशाला दोन पेनं आणि बोलायला मधाचं बोट. "मी चमत्कार करत नाही," तो सांगे, "चमत्कार पाणी करतं. मी पाण्याचा नोकर." टबात एक जाळीदार पेटी, पेटीतून निघालेली वायर भिंतीवरच्या बटणाला. पाण्यात आधी चमचाभर 'जलचूर्ण' पडे. मग माणसाच्या गुडघ्यांपासून टबापर्यंत पांढरी चादर टाकली जाई. विष निघताना त्याच्याकडे बघू नये, ते बुजतं आणि परत आत शिरतं, असं त्याचं शास्त्र होतं. शेवटी चादर उचलायची, लोकांनी 'अरे बापरे' म्हणायचं, आणि पुढचा माणूस खुर्चीत.

मागच्या रांगेत वहिनी आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती.

ती बुटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर होती. मुकादमापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण अंगातलं काहीतरी उतरायचं राहून गेलं. मान, खांदे, कंबर, टाचा. दुखणं एखाद्या चिवट भाडेकरूसारखं या खोलीतून त्या खोलीत बिऱ्हाड हलवायचं, घर मात्र सोडायचं नाही. सकाळी उठताना वाटायचं, रात्रभर कुणीतरी आपल्याला कामाला जुंपलं होतं.

रक्त तपासलं, एक्स-रे काढले. कारखान्याजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. काही झालेलं नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका." बाहेर पेशंटांची रांग होती. त्यांनी घंटी वाजवली.

हे जसंच्या तसं घरी सांगितलं, ही वहिनीची चूक झाली.

"काही झालेलं नाही?" नवरा म्हणाला. तो गॅरेजमध्ये मिस्त्री. "मग आम्ही काय दिवसभर गादीवर लोळून येतो? मलाही दुखतं. मी बोलत नाही, एवढाच फरक."

"आमच्या वेळी दुखायला सवडच नव्हती," सासूबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

त्यानंतर वहिनी घरात दुखण्याबद्दल बोलेनाशी झाली. बोलली की 'नाटक', गप्प बसली की 'तोंड चढलंय'. कामावर मशीनखाली वाकून सुई शोधण्याचं निमित्त करून ती दोन मिनिटं डोकं टेकवायची. कधी कधी तिला स्वतःलाच शंका यायची. खरंच दुखतंय का आपलं? का आपण मुळातच आळशी आहोत, आणि ते आपल्याला आत्ता कळतंय?

अशा वेळी जलवैद्य शहरात आला. शेजारणीच्या आग्रहानं ती गेली, सोबत सासूबाई आणि नवरा. त्यानं तिला विचारलं, "ताई, कुठे दुखतं?" आणि पुढे काहीही न बोलता ऐकत राहिला. दोन वर्षांत असं कुणी ऐकलं नव्हतं. मग चूर्णाचे तीन चमचे टबात पडले, चादर आली, चादर गेली. पाणी डांबरासारखं काळं.

"इतकं!" जलवैद्य दोन पावलं मागे सरला. "इतकं घेऊन ही बाई घर चालवत होती?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा एकदा टबाकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. वहिनी रडत होती, पण विषाच्या भीतीनं नव्हे. साऱ्या जगासमोर, बादलीभर काळ्या पाण्यात, तिचं खरं बोलणं शेवटी दिसलं होतं.

घरी परतल्यावर नवऱ्यानं न सांगता भांडी घासली. "सांगायचं नाहीस का," तो पुटपुटला. दोन वर्षं ती दुसरं काय करत होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सासूबाईंनी तेल कोमट करून आणलं. शेजारीपाजारी विचारपूस करू लागले. वहिनीला बरं वाटू लागलं. खोटं कशाला सांगा, खरोखर बरं वाटू लागलं. गरम पाण्यात पाय, निवांत बसणं, घरात हातभार, वर आपुलकीचा शब्द. एवढं मिळाल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? पण श्रेय सगळं टबाला गेलं.

आणि टब एवढ्यावर थांबत नसतो.

लेक बारा वर्षांची. शाळेच्या मैदानावर धावण्याचा सराव सुरू होता. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "पोटऱ्या दुखतायत." पूर्वी यावर कुणी मान वर केली नसती. आता सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी आजी नातीला घेऊन हॉलवर. पाणी तपकिरी निघालं. जलवैद्यानं डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले.

"आईचं लेकीत उतरतंय," तो म्हणाला. "दोघींत अंतर ठेवा. आईच्या हातचं जेवण नको, आईच्या अंथरुणात झोपणं नको, आईचा टॉवेल नको. धावणं तर बंदच, धावलं की विष वर चढतं. मुलीचं पाणी नितळ निघेपर्यंत हे पाळायचं."

घरानं पाळलं. वहिनीनं सगळ्यांत आधी पाळलं. आपल्यामुळे लेकीला काही होऊ नये, यापुढे तिला बाकी काही सुचत नव्हतं. पोरीचं ताट, पेला वेगळा झाला, गादी आजीच्या खोलीत गेली. केस विंचरून घ्यायला पोर सवयीनं आईपाशी यायची, अर्ध्या वाटेवर आठवण व्हायची आणि फणी हातात धरून तिथेच उभी राहायची. वहिनीचं दुखणं दामदुपटीनं परत आलं. जलवैद्य म्हणाला, "उत्तम! खोलवरचं सुटतंय." कमी झालं तर त्याचं श्रेय, वाढलं तरी त्याचंच. छापा आला तर तो जिंकला, काटा आला तर समोरचा हरला.

एका दुपारी लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

"आई, एक सांगू? रागावशील का?"

"सांग. पण तिथूनच."

"काल चादरीखाली मी पाय वर घेतले होते. पाणी गरम लागत होतं. पायाशी पाट होता ना, त्यावर ठेवले. कुणाला दिसलंच नाही."

"मग?"

"मग काय? तरी पाणी तसंच झालं. ते म्हणाले, आज कालच्यापेक्षा जास्त निघालं." पोरीनं आवाज खाली आणला. "आणि ते चूर्ण ना, ते मीठ आहे. मी चाटलं."

"चाटलंस? काही कळतं का तुला?"

"बोटाला लागलं होतं! आई, मीठच आहे गं ते."

"गप्प बस," वहिनी इतक्या जोरात म्हणाली की पोर दचकली. "हे पुन्हा कुणापुढे बोलायचं नाही. कळलं?"

पोर निघून गेली. वहिनी ओट्याला धरून उभी राहिली. पोर खोटं बोलत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती ओरडली होती. पाणी खोटं निघालं, तर तिच्याकडे दुसरा पुरावा कुठला होता? पुन्हा ते 'काही झालेलं नाही'. पुन्हा 'नाटक'. नवरा भांडी घासायचा बंद होईल. सासूबाई भिंतीशी बोलू लागतील. आणि पाणी खरं ठेवायचं, तर लेक उंबऱ्याच्या पलीकडे. कुठवर? नितळ निघेपर्यंत. चमचा ज्याच्या हातात, तो ते कधी निघू देणार होता?

दुसऱ्या दिवशी कामावर तिचे टाके वाकडे जात होते. समोरच्या मांडणीवर लाकडी फर्मे ओळीनं उभे होते. पायाच्या आकाराचे, गुळगुळीत. त्यांच्यावर चामडं ताणून बूट घडवतात. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू. त्या दिवशी ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पाय होते, पण त्यांना रक्त नाही, नसा नाहीत, कुठला ताप नाही, सासू नाही.

"मुकादम, दोन फर्मे रविवारपुरते घरी नेऊ का?"

"घरी बूट शिवताय की काय, वहिनी?"

"नाही हो. त्यांचे पाय दुखतायत. वैद्याला दाखवून आणते."

मुकादम हसला. ती हसली नाही.

सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी कागदासाठी हात पुढे केला. वहिनीनं कागद दिला नाही.

"आईचं दुखणं लेकीत उतरतं का, एवढंच सांगा."

डॉक्टरबाईंना हसू आलं होतं, पण समोरचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. "बसा," त्या म्हणाल्या, आणि वहिनीनं सगळं सांगितलं.

"तुमच्यातलं विष तिच्यात गेलं, असं काही नसतं," ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "त्या पेटीत लोखंड असणार."

"असणार, की आहे?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग चला बघायला."

रविवारी हॉल गच्च भरला होता. नवरा, सासूबाई, लेक भिंतीशी उभे होते. लेक आजीच्या पलीकडे. डॉक्टरबाई मागे खुर्चीत. वहिनीचा नंबर आला. टब भरला, तीन चमचे पडले, बटण दाबलं गेलं, चादर पडली. जलवैद्याचा मदतनीस पुढच्या माणसाकडे वळला, तसं वहिनीनं चादरीआड पिशवीतले फर्मे काढून पाण्यात उभे केले आणि स्वतःचे कोरडे पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तेवढं वाकल्यानं कंबरेतून कळ गेली. तिनं ओठ आवळले. ज्या दुखण्याचा पुरावा ती आज स्वतःच्या हातानं बुडवत होती, ते शेजारी बसून होतं.

वेळ झाली. जलवैद्य आला. त्यानं चादरीचं टोक जरासं उचलून पाण्याच्या काठाकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"ताई, ताई! आज मणक्यातलं निघालंय. आणि डाव्या पायातून जास्त. बरोबर ना? डावी बाजू जड वाटत होती?"

"डावी?" वहिनीनं विचारलं.

"डावीच! पाणी खोटं बोलत नाही."

वहिनीनं चादर ओढून काढली. काळ्या पाण्यात दोन लाकडी पाय उभे होते, आणि गडबडीत मांडणीच्या एकाच खणातून उचलल्यामुळे दोन्ही उजवे होते.

 मग कुठून तरी एक हसू फुटलं आणि लगेच दबलं. बहुतेकांना हसू आलंच नाही. त्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

जलवैद्य मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "लाकूड!" तो हात जोडून म्हणाला. "लाकूड म्हणजे झाडाचं शरीर. त्यालाही कुऱ्हाडीची वेदना असते! टब वेदना ओळखतो, मग ती कुणाचीही असो. आज आपण साक्षात झाडाचं दुःख पाहिलं!"

"खरंच की," एक बाई पुटपुटली. "झाडाला जीव असतोच."

दोनचार माना हलल्याही. पुढचा टब भरून तयार होता, खुर्ची रिकामी होती. डॉक्टरबाई उठल्या, त्यांनी त्या टबात चूर्णाचे तीन चमचे टाकले आणि बटण दाबलं. चादर टाकली नाही. लोक भोवती गोळा झाले. जाळीतून आधी बारीक बुडबुडे आले. मग पिवळसर रेघ, तपकिरी ढग, हिरवा फेस. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विष बुजलं नाही की लाजलं नाही.

पोस्टमनकाका काठी टेकत पुढे आले. त्यांनी टबात वाकून पाहिलं.

"आणि यात कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

 हवेलाही वेदना असते, असं जलवैद्य म्हणाला असता, पण काका त्याच्याकडे टक लावून पाहत होते.

डॉक्टरबाईंनी बटण बंद केलं, वायर काढली आणि पेटी उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, कुरतडल्यासारख्या. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजतं. मीठ जास्त तर रंग गडद. ज्याचं जास्त विष दाखवायचं त्याला तीन चमचे, ज्याला बरं झालं म्हणायचं त्याला चिमूटभर. पाय असोत, लाकूड असो, काही नसो, पाण्याला फरक पडत नाही."

नवऱ्यानं एक पट्टी उचलून अंगठ्यानं खरवडली आणि अंगठा निरखला. "गंज," तो म्हणाला. "बॅटरीच्या टोकांवरनं रोज काढतो मी हा. रोज!"

"ज्यांचा विश्वास नाही, त्यांच्यावर पाणी काम करत नाही," जलवैद्य दाराकडे सरकत म्हणाला.

"लाकडावर तर केलं की!" मागून कुणीतरी ओरडलं. आता मात्र हॉल हसला, आणि त्या हशात तो मागच्या दारानं गेला.

हसणं फार टिकलं नाही. झाडाला जीव असतो म्हणणारी बाई वहिनीपाशी आली. "आम्हाला बरं वाटत होतं," ती म्हणाली. "तुझं काय जात होतं गं?" उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली. पोस्टमनकाका खुर्चीत बसून राहिले. त्यांची काळजी फेसासारखी टबात उतरली होती. ती आता पुन्हा त्यांचीच झाली.

वहिनी ज्या प्रश्नाची वाट पाहत होती, तो नवऱ्यानंच विचारला. रागानं नव्हे, गोंधळून.

"म्हणजे... तुझ्या अंगात काही नव्हतंच?"

"पाण्यात काही नव्हतं," वहिनी म्हणाली.  "मला दुखतंय. काल दुखत होतं, आत्ता दुखतंय. हे मी काळं पाणी दाखवून सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं. आता नुसतं सांगतेय."

 सासूबाई डॉक्टरबाईंकडे वळल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, काही झालेलं नाही म्हणून?"

"म्हणाले होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चुकीचं बोलले. तपासणीत दिसण्यासारखं काही नव्हतं, एवढंच मला म्हणता येत होतं."

"मशीनवर असं होतं कधी कधी," वहिनी म्हणाली. "सुई नवी, दोरा पक्का, चामडं निर्दोष. एकेक वस्तू तपासा, सगळं ठीक. पण दोऱ्याला ताण जास्त बसलेला असतो, आणि प्रत्येक टाका ओढून धरतो. तुम्ही सुई आणि दोरा बघून घंटी वाजवलीत."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "ताण कशानं बसला, याचं एक कारण मी सांगू शकणार नाही. तो मोठा ताप असेल. मोडलेली झोप, दिवसभर मान खाली घालून एकाच बाकावर बसणं, काळज्या. दुखतंय म्हटल्यावर घरानं खरं न मानणं, हेही त्यात असतं. आणि आम्ही न मानणं. पुन्हा या, नीट बसून बोलू. झोपेपासून सुरुवात करू, थोडं थोडं चालणं वाढवू. हळूहळू उतार पडतो."

"पूर्ण जाईल?"

"तसं वचन नाही देता येणार."

"चालेल," वहिनी म्हणाली. "वचनं खूप झाली."

लेक आजीच्या आडून पुढे आली होती. "आई," तिनं विचारलं, "आता जवळ येऊ?"

 वहिनीनं नुसता हात पुढे केला.

त्या हॉलला आता कुलूप आहे. जलवैद्य दुसऱ्या गावी दुसरे टब भरत असेल, कारण दुखणारी माणसं सगळीकडे आहेत आणि त्यांचं ऐकून घेणारी थोडी. म्हणून वाचकहो, एवढंच करा. कुणी तुमच्या अंगातलं विष काढून दाखवत असेल, तर त्याला सांगा, आधी रिकाम्या टबात काढून दाखव. चादर टाकू नको म्हणा. पाय गरम पाण्यात सोडून बरं वाटत असेल तर जरूर सोडा, त्याला वैद्य लागत नाही. औषध घ्यायचं की बंद करायचं, हे मात्र पाण्याला विचारू नका. आणि घरातलं कुणी 'दुखतंय' म्हणालं, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. तो तुम्ही मागता, म्हणूनच असले टब भरतात.

सोमवारी सकाळी वहिनी उठली तेव्हा खांद्यात कळ होतीच. लेक शेजारी झोपली होती, पाय आईच्या पोटावर टाकून. धावायला जायचं म्हणून तिनं बूट उशाशी ठेवले होते.

वहिनी ओट्यापाशी गेली. नवरा आधीच तिथे उभा होता, हातात पाण्याचं भांडं. तो घोटाळला. बघायला आता टब नव्हता, रंग नव्हता. त्यानं पहिल्यांदाच बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"आज कुठे?" त्यानं विचारलं.

"उजवा खांदा," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि वरच्या फळीवरचा जड डबा खाली काढून तिच्यापुढे ठेवला.